खेळण्याची कणीक

खेळण्याची कणीक म्हणजे मैदा, मीठ, पाणी आणि थोडे तेल यांपासून घरी केलेला, मुलांना हाताने हवा तसा आकार देता येईल असा मऊ गोळा. ही कणीक स्वयंपाकघरात तयार होते आणि हस्तकलेसाठी वापरली जाते. मोठ्यांनी आणि मुलांनी मिळून करण्याच्या घरगुती उपक्रमांत मोजणे, शिजवणे, मळणे आणि घडवणे ही चारही कामे एकाच बैठकीत करायला लावणारा इतका साधा पदार्थ क्वचितच आढळतो.

मुलांच्या शिक्षणात हाताने घडवण्याच्या कामाला पद्धतशीर स्थान मिळाले ते जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांच्यामुळे. त्यांनी 1837 मध्ये सुरू केलेल्या संस्थेतून बालोद्यान पद्धती विकसित झाली आणि तिच्यात मातीकामाचा समावेश होता. 1897 मध्ये इंग्लंडमधील कलाशिक्षक विल्यम हारबट यांनी प्लॅस्टिसिन ही न वाळणारी, घडवण्याची माती तयार केली. आज सर्वत्र परिचित असलेल्या ‘प्ले-डो’चा उगम मात्र भिंतीवरच्या कागदाची काजळी टिपणाऱ्या एका लगद्यात आहे. अमेरिकेतील सिनसिनाटी येथे तयार होणाऱ्या या लगद्याची गरज, घरे तापवण्यासाठी कोळसा जाळणे कमी झाल्यावर, उरली नाही. के झुफाल या बालवाडी शिक्षिकेने तो मुलांच्या हाती देऊन पाहिला आणि 1956 मध्ये तोच लगदा खेळणे म्हणून बाजारात आला.

घरी ही कणीक न शिजवता किंवा शिजवून करतात. न शिजवता करताना दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि एक चमचा तेल घेऊन लागेल तसे पाणी घालत मळतात. हे काम झटपट होते, पण गोळा लवकर चिकट होतो. शिजवलेली कणीक अधिक चांगली होते आणि त्यासाठी लागणारी दहा मिनिटे नक्कीच सार्थकी लागतात. एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, एक मोठा चमचा तेल आणि दोन लहान चमचे क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमध्ये वापरली जाणारी आंबट पूड) किंवा त्याऐवजी थोडा लिंबाचा रस हे सारे एकत्र करून मंद आचेवर सतत ढवळतात. सुरुवातीला पातळ असलेले मिश्रण काही मिनिटांत अचानक घट्ट होऊन भांड्याच्या कडा सोडू लागते. गव्हाच्या पिठातील स्टार्चचे कण साधारण 60 अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी शोषून फुगतात, म्हणून हा बदल घडतो. मुलाला तो डोळ्यांनी पाहता यावा, यासाठी सुरक्षित अंतरावर उभे करून त्याला भांड्यात डोकावू द्यावे. गोळा कोमट झाला की मळण्याचे काम मुलाकडेच सोपवावे.

मिठाचे प्रमाण पाहून अनेकांना आश्चर्य वाटते. पण कणीक टिकते ती त्याच्यामुळेच. सूक्ष्मजीवांना वाढीसाठी लागणारे पाणी मीठ बांधून ठेवते. 100 मिलिलिटर पाण्यात साधारण 36 ग्रॅमच मीठ विरघळते आणि वरच्या प्रमाणात त्याहून बरेच जास्त मीठ पडते. म्हणून कणीक किंचित खरखरीत लागते आणि उघडी राहिल्यास तिच्यावर पांढरे स्फटिक दिसू लागतात. ती बिघडली असे समजून टाकून देण्याची गरज नसते. ओल्या हाताने पुन्हा मळावी. घट्ट झाकणाच्या डब्यात ती काही आठवडे टिकते. बुरशी दिसली किंवा वास बदलला तर मात्र टाकून द्यावी.

हेच मीठ धोक्याचेही आहे. ही कणीक खाण्याची नव्हे. ती जास्त प्रमाणात पोटात गेल्यास लहान मुलांना मिठाची विषबाधा होऊ शकते, आणि कुत्र्याने गोळा खाल्ल्यास त्याच्या जिवावर बेतू शकते. कच्च्या पिठात रोगजंतू असू शकतात, त्यामुळे न शिजवलेली कणीक हाताळल्यावर हात धुणे आवश्यक आहे. गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी तांदळाचे पीठ किंवा कॉर्नफ्लोअर वापरतात. मात्र त्यात ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या कणकेला ताण देणारे प्रथिन, नसल्यामुळे गोळा ताणला न जाता तुटतो.

रंगासाठी खाद्यरंग, हळद किंवा बीटचा रस चालतो. जांभळ्या कोबीचा रस घातलेल्या गोळ्यावर लिंबू पिळले की तो गुलाबी होतो, तर खाण्याचा सोडा मिसळला की निळसर-हिरवा. एकाच रसाचे हे दोन रंग पाहून मूल जे प्रश्न विचारते, त्यांची उत्तरे घाईने देऊ नयेत; आधी त्याला आणखी दोन-चार गोष्टी मिसळून पाहू द्याव्यात.

खारट कणकेतून वीजही वाहते. अमेरिकेतील सेंट थॉमस विद्यापीठात ॲनमरी थॉमस यांच्या मार्गदर्शनाखाली या गुणधर्मावर आधारित उपक्रम विकसित झाला. बॅटरीला जोडलेल्या दोन वेगळ्या गोळ्यांमध्ये एलईडीची एकेक तार खोचली की दिवा लागतो. गोळे एकमेकांना टेकले की विझतो. मध्ये मिठाऐवजी साखर आणि ऊर्ध्वपातित पाणी वापरून केलेला गोळा ठेवल्यास तो वीज अडवण्याचे काम करतो.

टिकाऊ वस्तू करायच्या असल्यास तेल न घालता घट्ट कणीक मळून अर्धा सेंटिमीटर जाडीचे आकार कापतात आणि ओव्हनमध्ये 100 ते 120 अंश सेल्सिअसला दोन-तीन तास वाळवतात. उष्णता वाढवल्यास आतल्या पाण्याची वाफ होऊन वस्तू फुगते व तडकते. हवेतील सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ ओलावा ओढून घेते आणि वाळलेली वस्तू पुन्हा मऊ पडू लागते; म्हणून रंगवून झाल्यावर तिच्या सर्व बाजूंना, तळालासुद्धा, वॉर्निशचे दोन हात द्यावे लागतात.