इंदूरच्या रस्त्यावरची पोरं आणि अठरा वर्षांची अट

एचआयव्ही कसा होतो ते परत सांगत बसत नाही. बघायचंय ते एवढंच की सरवटे बसस्टँड, रेल्वे स्टेशन, सियागंज ह्या भागात पन्नी, म्हणजे प्लास्टिकचा कचरा वेचत राहणारी पोरं एचआयव्हीच्या सरकारी कार्यक्रमात आली तरी कुठे.

१९८६ला चेन्नईत पहिल्या केसेस सापडल्या, १९९२ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, पुढे जोखमीचे गट ठरले: वेश्याव्यवसायातल्या बायका, समलिंगी पुरुष, सुईने नशा करणारे, ट्रकवाले. सगळी मोठी माणसं. पोरांचं काम बालकल्याणवाल्यांकडे, म्हणजे निवारा द्या, घरी पोचवा. २००७मध्ये आपल्या मध्य प्रदेशाने शाळेतलं लैंगिक शिक्षण थांबवलं, गुजरात-महाराष्ट्रानेही तेच केलं, आणि ही पोरं शाळेत नव्हतीच तरी मुलांशी ह्या विषयावर बोलायलाच लोक कचरायला लागले.

खरा गुंता मात्र अठरा वर्षांच्या अटीचा. २०१२च्या पॉक्सोने, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने, शरीरसंबंधाला संमती देण्याचं वय सोळावरून अठरा केलं आणि अत्याचार कळला तर पोलिसांना सांगणं सगळ्यांनाच बंधनकारक केलं. कायदा हवाच होता, ह्या पोरांवर अत्याचार करणारे बहुतेक वेळा ओळखीचेच असतात. पण पोलिसांना आधीच घाबरणारं पोरगं मग तोंडच उघडत नाही, आणि इथे वेळ फार थोडा असतो, अत्याचारानंतर संसर्ग टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकं बरं, आणि मग २८ दिवस रोज घ्यावी लागतात. ज्याला रात्री झोपायची जागा ठरलेली नाही तो २८ दिवसांच्या गोळ्या ठेवणार कुठे?

तपासणीचंही तेच. अठराच्या आत पालकाची संमती लागते, आणि बापाच्या मारामुळे पळून आलेलं पोरगं सही आणणार कुणाची? २०१७चा एचआयव्ही कायदा सप्टेंबर २०१८पासून लागू झाला, त्यात एचआयव्हीग्रस्त घरातलं बारा वर्षांवरचं समजूतदार मूल धाकट्या भावंडाचं पालक होऊ शकतं, अगदी उपचारासाठीसुद्धा. मग तेच मूल स्वतःच्या रक्ततपासणीला हो का नाही म्हणू शकत? मला तरी हे पटत नाही, समुपदेशकासमोर मुलाला स्वतःला हो म्हणू द्यायला हवं.

ह्या पोरांच्या नशेकडे उलट लवकर लक्ष गेलं, हुंगायच्या बाटलीतल्या व्हाइटनरवर २०१२लाच बंधनं आली. पण पंक्चरचं सोल्यूशन कुठेही मिळतं, आणि त्या तारेत कंडोम कुणाला सुचणार.

२०२५च्या सुरुवातीला इंदूरात भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवायला लागले. पोरं सिग्नलवरून हलली की त्यांना शोधायचं काम पहिल्यापासून, कारण तपासणीला ती येतात ती रस्त्यावर काम करणाऱ्या ओळखीच्या ताईबरोबरच, आणि ती ओळख व्हायला महिने लागतात.