नॅस

नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज (NAS): फाइली साठवून त्या एकाच वेळी अनेक संगणकांना पुरवण्यासाठी नेटवर्कला थेट जोडलेले स्वतंत्र साधन. प्रोसेसर, मेमरी, स्वतःची कार्यप्रणाली आणि बहुधा दोन ते आठ डिस्क हे त्याचे घटक.

उगमाविषयी मतभेद आहेत. काहींच्या मते मूळ न्यूकासल विद्यापीठातील ‘न्यूकासल कनेक्शन’ या, दूरच्या संगणकावरील फाइली वापरू देणाऱ्या प्रणालीत (१९८० च्या दशकाचा आरंभ) आहे; तर काही जण आयबीएममध्ये घडलेल्या एसएमबी या नेटवर्कवरून फाइली वाटण्याच्या नियमसंचाला (सु. १९८३) किंवा सन मायक्रोसिस्टिम्सच्या तशाच एनएफएसला (१९८४) तो मान देतात. ही सारी सॉफ्टवेअरची वाटचाल होय. केवळ फाइलसेवा देणारे यंत्र या अर्थाने ऑस्पेक्स (स्थापना १९८७) कंपनीचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या नेटॲपने पुढे ही कल्पना रुजवली.

निवड करताना डिस्कांची मांडणी आधी ठरवावी. अनेक डिस्क जोडून एकीसारख्या वापरण्याच्या पद्धतीला रेड (RAID) म्हणतात. ४ टीबीच्या चार डिस्कांची रेड-५ मांडणी १२ टीबी जागा देते आणि एक डिस्क बिघडली तरी तगते. रेड-६ मध्ये जागा ८ टीबी, पण दोन बिघाड सोसतात. रेड-५ मध्ये बिघडलेली डिस्क बदलल्यावर उरलेल्या तिन्ही अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात. घरगुती दर्जाच्या डिस्कांसाठी १०¹⁴ बिटांमागे, म्हणजे सु. १२.५ टीबी वाचनामागे, एक न वाचता येणारी चूक अशी मर्यादा निर्माते देतात. त्यावरून फेरउभारणी (नव्या डिस्कवर मजकूर पुन्हा तयार करणे) फसण्याचीच शक्यता अधिक, असे गणित मांडले जाते. ती हमीची मर्यादा आहे, प्रत्यक्षातली सरासरी नव्हे. तरीही लहान कार्यालयाने ८ टीबीच्या दोन डिस्क आरशासारख्या, म्हणजे दोन्हींवर तोच मजकूर राहील अशा, जोडून (रेड-१) उरलेला पैसा बॅकअपच्या वेगळ्या डिस्कवर घालावा, हेच सयुक्तिक. रेड म्हणजे बॅकअप नव्हे: चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून पुसली जाते.

एसएमआर (शिंगल्ड मॅग्नेटिक रेकॉर्डिंग) पद्धतीच्या डिस्क टाळाव्यात. त्यांतले माग (मजकूर लिहिण्याच्या वर्तुळाकार पट्ट्या) कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असल्याने एक बदलताना शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. फेरउभारणी रेंगाळते, क्वचित डिस्क मांडणीतून बाहेर फेकली जाते. नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्कही अशाच असल्याचे २०२० मध्ये उघड झाले. म्हणून माहितीपत्रकात ‘सीएमआर’ (माग एकमेकांवर न चढवणारी पद्धत) शब्द पाहूनच खरेदी करावी.

एक गिगाबिट जोडणीतून सेकंदाला सु. ११० एमबी मिळतात, तेवढे एक साधी डिस्कही देते. हिशेबाच्या फाइलींना हे पुरेसे आहे. व्हिडिओ संपादनाला २.५ गिगाबिट हवे, पण मग नेटवर्कचा स्विच आणि संगणकाचे पोर्टही तसेच लागतात. जुन्या संगणकावर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट ही नॅसची कार्यप्रणाली चालते. मात्र ५० वॅटचे यंत्र अहोरात्र चालवल्यास महिन्याला ३६ युनिट वीज जाते, २० वॅटच्या तयार नॅस पेटीला सु. १४.

यूपीएसची यूएसबी केबल नॅसला जोडावी, म्हणजे बॅटरी संपण्यापूर्वी ते नीट बंद होते. लिहितानाच वीज गेल्यास रेड-५ मधील मजकूर आणि पॅरिटी (हरवलेला मजकूर परत काढण्यासाठी साठवलेली जोडमाहिती) यांचा मेळ तुटू शकतो. व्यवस्थापनाचे पान इंटरनेटवर उघडे ठेवू नये आणि एसएमबीची पहिली आवृत्ती बंद करावी. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा घातक प्रोग्रॅम पसरला तो तिच्यातील त्रुटीतूनच.