आयकर रिबेट (कलम ८७ए)

आयकर रिबेट : ठरावीक मर्यादेच्या आत उत्पन्न असलेल्या निवासी व्यक्तीच्या नावावर हिशोबाने निघालेला आयकर सरकारने पूर्ण किंवा काही प्रमाणात सोडून देण्याची तरतूद. भारतात ती आयकर कायदा, १९६१ च्या कलम ८७ए मध्ये होती. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या आयकर कायदा, २०२५ मध्ये ती कलम १५६ मध्ये आली आहे, पण सीएंच्या तोंडी अजून ‘एटी सेव्हन ए’च आहे. आर्थिक वर्ष २०२५–२६ पासून नव्या करप्रणालीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) १२ लाख रुपयांपर्यंत एकूण उत्पन्न असणाऱ्याला कमाल ६०,००० रुपये, तर जुन्या प्रणालीत ५ लाखांपर्यंत कमाल १२,५०० रुपये रिबेट मिळतो. लोकांनी याचे ‘बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही’ असे सुटसुटीत वाक्य करून टाकले. ते अर्धेच खरे आहे आणि सगळा गोंधळ उरलेल्या अर्ध्यात आहे.

रिबेट, सूट आणि वजावट

सूट म्हणजे करमुक्त मर्यादा, ती सगळ्यांना असते. वर्षाला ३० लाख कमावणाऱ्याच्याही पहिल्या ४ लाखांना नवी प्रणाली हात लावत नाही. वजावट उत्पन्नातून होते. रिबेट मात्र करातून वजा होतो, तोही कर काढून झाल्यावर आणि त्या करावर ४ टक्के उपकर लावण्याआधी. नव्या प्रणालीत ४ ते ८ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,००० आणि ८ ते १२ लाखांवर १० टक्के म्हणजे ४०,००० रुपये कर होतो. बेरीज बरोबर ६०,०००. तेवढाच रिबेट, म्हणून कर शून्य. उत्पन्न १६ लाख असेल तर हिशोब १२ पासून नव्हे, ४ लाखांपासूनच सुरू होतो आणि कर १,२०,००० रुपये येतो. ‘बारा सोडून उरलेल्या चारवर किती?’ असे विचारणारे दर मार्चअखेर भेटतात, आणि उत्तर ऐकून चेहरा पडतो.

थेट करमुक्त मर्यादाच १२ लाख का केली नाही? तशी केली असती तर तिचा फायदा कोट्यधीशालाही झाला असता. रिबेट ठरलेल्या रेषेच्या खालच्यांनाच मिळतो, त्यामुळे तिजोरीला स्वस्त पडतो. शिवाय करदाता विवरणपत्राच्या जाळ्यात राहतो. उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर कर शून्य असूनही रिटर्न भरावेच लागते. मुदत चुकली आणि उत्पन्न ५ लाखांहून जास्त असेल तर ५,००० रुपये विलंबशुल्क. कर शून्य आणि दंड पाच हजार, असे होऊ शकते.

पूर्वपीठिका

१९९० साली आलेल्या कलम ८८ नुसार विमा, भविष्य निर्वाह निधी अशा गुंतवणुकीवर करातून २० टक्के रिबेट मिळे. पुढे ज्येष्ठांसाठी ८८बी आणि स्त्रियांसाठी ५,००० रुपयांचे ८८सी अशी भावंडे जोडली गेली. २००४ मध्ये ८८डी ने १ लाखापर्यंतच्या उत्पन्नावरचा कर माफ केला. २००५ मध्ये हा सारा कारखाना मोडीत निघाला आणि अशा गुंतवणुकीसाठी कलम ८०सी ची वजावट आली.

रिबेट परतला तो २०१३ च्या अर्थसंकल्पात. पी. चिदंबरम यांनी ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला २,००० रुपये दिले. अरुण जेटली यांनी २०१६ मध्ये त्याचे ५,००० केले आणि पुढच्याच वर्षी, खालच्या टप्प्याचा दर १० वरून ५ टक्क्यांवर आणताना, तो ३.५ लाखांच्या उत्पन्नापुरता २,५०० वर आणला. निवडणुकीच्या तोंडावर, १ फेब्रुवारी २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पात पीयूष गोयल यांनी ५ लाख आणि १२,५०० हे आकडे जाहीर केले. २०२३ मध्ये निर्मला सीतारामन यांनी नव्या प्रणालीत ७ लाख आणि २५,००० अशी मर्यादा आणली, २०२५ मध्ये ती थेट १२ लाखांवर नेली. त्या वर्षीच्या एकूण करबदलांमुळे सुमारे १ लाख कोटी रुपयांच्या प्रत्यक्ष करावर पाणी सोडावे लागेल, असे त्यांनी भाषणात सांगितले होते.

पात्रता

रिबेट फक्त निवासी व्यक्तीला मिळतो. कंपनी, भागीदारी संस्था, हिंदू अविभक्त कुटुंब यांना नाही. नागरिकत्व कोणते याचा संबंध नसून वर्षात भारतात किती दिवस राहिलात हे पाहिले जाते (ढोबळमानाने १८२ दिवस, पण इतरही कसोट्या आहेत). दुबईत नोकरी करणाऱ्या आणि ठाण्यातला फ्लॅट भाड्याने दिलेल्या माणसाचे इथले करपात्र उत्पन्न ६ लाख असेल, तर त्याला उपकरासह १०,४०० रुपये भरावे लागतात. त्याच्या शेजारच्या फ्लॅटचा मालक ठाण्यातच राहत असेल, तर तेवढ्याच उत्पन्नावर त्याला शून्य. वर्षाचा बराच काळ परदेशी जहाजावर काढणाऱ्या खलाशांचीही गत अनिवासी ठरल्यावर हीच होते.

मर्यादा पाहायची ती एकूण उत्पन्नाची, म्हणजे वजावटींनंतरची. नव्या प्रणालीत पगारदार आणि निवृत्तिवेतनधारकाला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट आहे, म्हणून त्यांची रेषा व्यवहारात १२,७५,००० वर जाते. दुकानदाराला ती वजावट नाही.

शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने एकूण उत्पन्नात धरले जात नाही, पण दर ठरवताना ते मागच्या दाराने आत येते. सांगलीकडचा एखादा शिक्षक घ्या. पगाराचे करपात्र उत्पन्न ११ लाख, उसाचे निव्वळ उत्पन्न ३ लाख. आधी १४ लाखांवरचा कर काढायचा : ९०,०००. मग ४ लाख अधिक शेतीचे ३ लाख, अशा ७ लाखांवरचा कर, १५,००० रुपये, त्यातून वजा करायचा. उरले ७५,०००. रिबेट ६०,००० पर्यंतच, म्हणून १५,००० आणि वर उपकर ६०० रुपये भरावे लागतात. एकूण उत्पन्न बाराच्या आत असूनही! ‘ऊस तर करमुक्त आहे ना?’ हा त्याचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला समाधानकारक उत्तर देणे अवघड आहे.

गोव्यात याच्या उलट चित्र दिसते. पोर्तुगीज नागरी संहितेतील मालमत्तेची सामाईक मालकी लागू असलेल्या पतिपत्नींचे पगाराखेरीजचे उत्पन्न आयकरासाठी दोघांत निम्मेनिम्मे वाटले जाते (१९६१ च्या कायद्यातले कलम ५ए). म्हापशातल्या दुकानाचा नफा २० लाख असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला १० लाख, म्हणजे दोघांचाही कर शून्य. तेच दुकान सावंतवाडीत एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल तर उपकरासह २,०८,००० रुपये. मध्ये फक्त सीमेवरचा बांद्याचा नाका!

बारा लाखांची कडा

रेषेच्या एक रुपया पलीकडे पाऊल पडले तर सगळा रिबेट जावा, हे अन्यायाचे होईल म्हणून नव्या प्रणालीत सीमांत सवलत आहे : १२ लाखांच्या वर जेवढे उत्पन्न, त्यापेक्षा जास्त कर घ्यायचा नाही. उत्पन्न १२,१०,००० असेल तर एरवीचा कर ६१,५०० झाला असता, तो १०,००० वर थांबतो. मात्र उपकर वेगळा, म्हणून भरायचे १०,४००. मार्चमध्ये मिळालेला १० हजारांचा बोनस अख्खा सरकारजमा, वर खिशातले ४०० रुपये. ही सवलत साधारण १२,७०,५८८ रुपयांपर्यंत पुरते. जुन्या प्रणालीत तेवढीही दया नाही. ५,००,००० वर कर शून्य, ५,००,०१० वर उपकरासह १३,००० रुपये. बचत खात्याचे दहा रुपये व्याज धरायचे राहिले म्हणून तेरा हजार भरावे लागलेला माणूस ते आयुष्यभर विसरत नाही.

शेअर, लॉटरी आणि सॉफ्टवेअर

विशेष दराने कर लागणाऱ्या उत्पन्नाला नव्या प्रणालीत २०२५–२६ पासून रिबेट नाही. यात शेअरवरचा अल्पकालीन नफा (२० टक्के), दीर्घकालीन नफा (सव्वा लाखाच्या वर १२.५ टक्के), लॉटरी, ऑनलाइन गेम आणि आभासी चलन (३० टक्के) हे सारे आले. निवृत्तिवेतन ९ लाख आणि शेअरचा अल्पकालीन नफा १ लाख असेल, तर निवृत्तिवेतनावर शून्य, पण नफ्यावर २०,८०० रुपये भरावेच लागतात.

त्याआधीच्या वर्षांसाठी कायद्यात हे इतके स्पष्ट नव्हते. अल्पकालीन नफ्यावरच्या करालाही रिबेट मिळत होता. ५ जुलै २०२४ रोजी, म्हणजे रिटर्न भरण्याच्या ऐन हंगामात, आयकर खात्याच्या प्रणालीत बदल झाला आणि तो मिळेनासा झाला. कायदा तोच, फक्त सॉफ्टवेअर बदलले. ४ जुलैला रिटर्न भरलेल्याला रिबेट आणि ६ जुलैला भरणाऱ्याला नाही, असा प्रकार. मुंबईतील ‘चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स’ ही संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाच्या डिसेंबर २०२४ मधील अंतरिम आदेशानंतर उशिराची आणि सुधारित रिटर्न भरण्याची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढली. २४ जानेवारीच्या निकालाने करदात्याला निदान मागणी नोंदवता आली पाहिजे, असे बजावले. रिबेट द्यावा की नाही हा मूळ प्रश्न मात्र करअधिकाऱ्यांवर सोडला. आठवडाभरात अर्थसंकल्प आला आणि पुढच्या वर्षांपुरता तो प्रश्न कायद्यानेच मिटवला. या साऱ्यात, करदात्याचा हक्क संगणकाच्या एका चौकटीवर अडवता येत नाही, ही गोष्ट मला निकालातल्या रकमांपेक्षा मोठी वाटते.

पैसा हाती कसा येतो

अमेरिकेत ‘रिबेट’ म्हटले की घरी येणारा चेक डोळ्यांसमोर येतो. २००८ च्या मंदीत तिथल्या सरकारने एकट्याला ६००, जोडप्याला १,२०० डॉलरपर्यंत पाठवले. जोडीदाराकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल तर एकत्र रिटर्न भरणाऱ्या दोघांनाही काही मिळत नसे. एच-४ व्हिसावर (तिथे नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) गेलेल्या बायकांमुळे भारतीय घरे, त्यांत मराठीही, या नियमात सापडली. तो पैसा बाजारात खेळावा ही अपेक्षा होती. मिशिगन विद्यापीठातील शॅपिरो आणि स्लेमरॉड यांच्या पाहणीत मात्र, तो मुख्यतः खर्च करू असे म्हणणारे जेमतेम पाचातले एक निघाले. बाकीच्यांनी कर्ज फेडले नाहीतर बाजूला टाकला.

भारतात चेक येत नाही. मालक टीडीएस (पैसे देतानाच कापून घ्यायचा कर) कापताना रिबेट धरतो आणि पगाराच्या चिठ्ठीतला आयकराचा आकडा गायब होतो. वर्षाला १२ लाख करपात्र उत्पन्नावर २०२४–२५ मध्ये उपकरासह ८३,२०० रुपये जात होते, म्हणजे महिन्याला ६,९०० च्या वर. ते आता खात्यात राहतात. आधीच कुठे टीडीएस कापला गेला असेल तरच रिटर्न भरून परतावा मिळतो. हप्त्याहप्त्याने येणाऱ्या अशा पैशाची नोंद मनात होत नाही आणि तो किराणा, पेट्रोल, शनिवारचे हॉटेल यांत विरघळतो.

जुन्या प्रणालीत बचतीला ८०सी चा धाक होता. जानेवारीत कार्यालय गुंतवणुकीचे पुरावे मागे आणि मार्चपर्यंत एलआयसी, पीपीएफ, एनएससी यांच्या रांगा लागत. नव्या प्रणालीत ती वजावट नाही आणि धाकही नाही. पैसे कुठे घालायचे हे आता खरोखरच घरात ठरवावे लागते. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी वाढते, तेव्हा ती पहिली. स्वतः राहतो त्या घराच्या कर्जाच्या व्याजाची वजावट नव्या प्रणालीत नसल्याने मुदतीआधी मुद्दल फेडण्यात पूर्वी वाटणारा करतोटा उरलेला नाही. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, तेव्हा आईवडिलांची लांबणीवर टाकलेली पॉलिसी आता घेता येईल. आणि पाडव्याच्या सोन्याचे म्हणाल, तर ६०,००० रुपयांत आजच्या भावाने तोळाही येत नाही.

बचत कुठे ठेवली यावर पुढच्या वर्षीची पात्रताही ठरते. मुदतठेवीचे व्याज एकूण उत्पन्नात मिळते आणि काठावरच्या माणसाला बाराच्या पलीकडे ढकलते. पीपीएफची वजावट गेली असली तरी व्याज आजही करमुक्त आहे. वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात. ‘एफडी बायकोच्या नावावर टाकतो’ हा सोसायटीच्या कट्ट्यावरचा लाडका उपाय आहे, पण नवऱ्याने दिलेल्या पैशाचे व्याज कायदा नवऱ्याच्याच उत्पन्नात जोडतो. आईवडिलांना भेट दिलेल्या रकमेवरचे व्याज त्यांचे स्वतःचे धरले जाते. त्यांचे वय साठच्या पुढे असेल तर एका बँकेतल्या १ लाखापर्यंतच्या व्याजावर टीडीएस नाही. त्याहून जास्त व्याज असेल आणि रिबेट धरून कर शून्य येत असेल, तर २०२५–२६ पर्यंत फॉर्म १५एच भरून टीडीएस थांबवता येई. साठच्या आतल्यांसाठीच्या १५जी ला मात्र आणखी एक अट होती, व्याजाची बेरीज करमुक्त मर्यादेच्या आत असण्याची, आणि ती पाहताना रिबेट कामाला येत नसे.