मान न वळवता बघणारा फळा

मे 2025 मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, घरच्या ग्रुपवर आपल्या हवाई संरक्षणाचं एक चित्र आलं. शहरावर निळसर काचेचा घुमट आणि त्यावर आपटून फुटणारी ड्रोन्स. आत्यानं विचारलं, "अरे, मग आपली विमानं यातून बाहेर कशी पडतात?" प्रश्न रास्त होता. असला घुमट कुठेच नसतो. माळावर उभ्या केलेल्या काही गाड्या असतात आणि त्यातल्या एकीवर रडारचा एक सपाट फळा असतो.

विमानं पाडणारं आपलं 'आकाश' घ्या. एका बॅटरीत, म्हणजे तुकडीत, चार लाँचर, प्रत्येकावर तीन क्षेपणास्त्रं आणि या बाराजणांत मिळून एकच 'राजेंद्र' रडार. क्षेपणास्त्राचं वजन 720 किलो, वेग आवाजाच्या अडीचपट, पल्ला साधारण 25 किलोमीटर. त्याचा लाँचर पुण्याजवळ दिघीला, डीआरडीओच्या प्रयोगशाळेत घडला. पेपरात फोटो नेहमी क्षेपणास्त्राचा येतो. माझा जीव मात्र राजेंद्रवर आहे.

विमानतळावरची गरगर फिरणारी रडार अँटेना तुम्ही पाहिली असेल. समजा ती पाच सेकंदांत एक फेरी मारते. सेकंदाला 300 मीटर जाणारं विमान तेवढ्यात दीड किलोमीटर सरकतं. विमानतळाला एवढं पुरतं, पण त्या विमानावर क्षेपणास्त्र नेऊन घालायचं तर दर वेळी पाच सेकंद डोळे मिटून भागेल का? आणि गंमत म्हणजे रेडिओ लहर 30 किलोमीटर जाऊन परत येते ती सेकंदाच्या पाच हजाराव्या भागात. वेळ सगळा जातो तो लोखंड वळवण्यात. मग लोखंड वळवायचंच नाही, लहर वळवायची!

कशी, ते तळ्याकाठी बघू. दहा पोरं काठावर रांगेत उभी आहेत. सगळ्यांनी एकदम पाण्यात खडा टाकला तर तरंग एकमेकांत मिसळून काठाला समांतर अशी एक लाट सरळ पुढे जाते. आता पहिल्यानं आधी टाकला, दुसऱ्यानं किंचित उशिरा, तिसऱ्यानं त्याहून उशिरा, असं करत गेलं की तीच लाट तिरपी निघते. ज्या टोकाच्या पोरांनी उशीर केला, त्या बाजूला झुकते. पोरं जागची हललेली नाहीत.

राजेंद्रच्या फळ्यावर अशी सुमारे 4000 'पोरं' आहेत. प्रत्येक छोट्या अँटेनाच्या मागे लहरीला हवी तेवढी रोखून धरणारा 'फेज शिफ्टर' असतो. हिशेब सोपा जावा म्हणून लहर 6 सेंटिमीटरची धरू. घरातल्या पाच गिगाहर्ट्झच्या वायफायची साधारण एवढीच असते. दोन अँटेनांत अंतर 3 सेंटिमीटर. झोत 30 अंश कलवायचा आहे. साइन 30 म्हणजे अर्धा, म्हणून शेजारच्या अँटेनाची लहर दीड सेंटिमीटर मागे हवी. म्हणजे पाव लहर, म्हणजे 90 अंशांची कला (फेज; पूर्ण लहर 360 अंशांची). पहिली शून्यावर, दुसरी 90, तिसरी 180, चौथी 270 आणि पाचवी 360, म्हणजे पुन्हा पहिलीच्याच तालात. वेळेत सांगायचं तर प्रत्येक पायरीचा उशीर सेकंदाचा 2000 कोटीवा भाग. झोत 45 अंशांवर न्यायचा तर 90 ऐवजी साधारण 127 अंश. बाकीच्या दिशांना लहरी एकमेकींना मारतात आणि ठरलेल्या दिशेला टोकदार झोत उरतो. (साइनपाशी ज्यांनी वाचणं सोडलं त्यांनी तळ्यावर परत जावं, तिथे काही बिघडत नाही.)

अर्थात फुकट काही मिळत नाही. ताट तिरप्या बाजूनं बघितलं की बारीक दिसतं, तसाच हा फळाही. 60 अंशांवरून तो निम्माच उरतो आणि झोत पसरट होतो. म्हणून फळा फिरत्या बैठकीवर बसवतात. मान लागतेच, फक्त सारखी वळवावी लागत नाही.

या चपळाईमुळे राजेंद्र 64 लक्ष्यांचा माग ठेवतो आणि त्यातल्या चारांवर मिळून आठ क्षेपणास्त्रं चालवतो. 'चालवतो' हे शब्दशः. मूळ आकाशला स्वतःचा डोळा नाही. शत्रू कुठे, आपला बाण कुठे, हे दोन्ही रडार बघतं आणि डावं-उजवं रेडिओवरून कळवतं. थेट आपटायचीही गरज नसते. जवळ पोचताच रेडिओ फ्यूज स्फोट घडवतो आणि तुकडे पुढचं काम करतात. यात मंत्र कुठेच नाही. 2019 मध्ये फ्रान्सला राफेलच्या चाकांखाली लिंबं ठेवली होती. लिंबानं रस निघतो, लहरीची कला बदलत नाही.

मग हे सगळं गाड्यांवर कशाला? कारण रडार म्हणजे अंधारात लावलेली बॅटरी. तिच्या उजेडात तुम्हाला चोर दिसतो, पण चोराला तुम्ही कितीतरी लांबून दिसता. रडारच्या लहरीचाच माग काढत येणारी क्षेपणास्त्रं व्हिएतनामच्या युद्धापासून वापरात आहेत. आकाशची लष्करी गाडी रणगाड्याच्या सांगाड्यावर आहे ती त्यासाठीच: बघायचं, मारायचं, निघायचं.

सर्बियाच्या क्षेपणास्त्र तुकडीचा अधिकारी झोल्तान दानी, त्याच्याकडे तर असली गाडीही नव्हती. 1999 च्या नाटो हल्ल्यांत त्याच्या हाताखाली होती साठच्या दशकातली विमानवेधी क्षेपणास्त्र यंत्रणा एस-125, जी हलवायची म्हणजे सगळा संसार सोडवून पुन्हा मांडायचा. तरी तो ती सतत हलवत राहिला. रडार एका वेळी चालू ठेवायचं ते वीसेक सेकंद, जास्त नाही, ही त्याची शिस्त. 27 मार्चच्या रात्री याच तुकडीनं अमेरिकेचं एफ-117 पाडलं, रडारला जवळपास न दिसणारं म्हणून गाजलेलं विमान. त्याचे तुकडे आज बेलग्रेडच्या संग्रहालयात आहेत, आणि दानीनं पुढे गावात बेकरी काढली.