पंधरा वर्षं सेवा झाली की इतिहासाची पदवी कशाला? : एक खुलासा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या माजी सैनिकांच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं एक मेसेज फिरतो : ‘पंधरा वर्षं सेवा झाली की फौजी पदवीधरच, वेगळं बी.ए. म्हणजे वेळ वाया.’

यातलं अर्धं खरं आहे. दहावी आणि 15 वर्षं सेवा झालेल्या माजी सैनिकाला केंद्र सरकारच्या गट ‘क’मधल्या (कारकुनी वगैरे पातळीच्या), पदवी लागणाऱ्या पण तांत्रिक नसलेल्या पदांसाठी पात्र धरतात. ही त्या नोकरीपुरती सवलत आहे, विद्यापीठाची पदवी नव्हे. एम.ए.ला किंवा बी.एड.ला ती चालत नाही, आणि फॉर्म अडतो तो नेमका तिथंच.

इतिहासाचं बी.ए. खरं असेल तर वाट लांबवर जाते. बी.एड. आणि पात्रता परीक्षा झाली की शाळा, एम.ए.ला 55 टक्के (राखीव प्रवर्गाला 50) आणि नेट किंवा सेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा) असेल तर कॉलेज. मोडी लिपी शिकून घ्याच. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत आणि ते वाचणारे थोडे.

वयाचं गणित डिस्चार्ज बुकावरून (सेवेच्या नोंदींच्या पुस्तकावरून) घरीच करा : वयातून सेवेची वर्षं वजा करायची. वय 41, सेवा 17 वर्षं : उरले 24. केंद्राच्या पदाची मर्यादा 27 असेल, तर वजाबाकीनंतरचं वय त्याहून 3 वर्षं जास्त, म्हणजे 30 पर्यंत चालतं. म्हणजे तुम्ही बसता.

जाहिरातीत ‘शैक्षणिक अर्हता’ आणि ‘माजी सैनिक’ हे दोन्ही परिच्छेद शब्दन् शब्द वाचा. ‘समकक्ष’ची (15 वर्षं सेवा पदवीच्या बरोबरीची धरण्याची) सवलत लिहिलेली नसेल, तर पदवीच लागेल असं धरून चाला.