चुंबक चिकटलं म्हणून स्टील खोटं नसतं

परवा सोसायटीत भंगारवाला आला होता. शेजारच्या काकूंनी माळ्यावरचे स्टीलचे डबे आणि जुना डबा टीव्ही काढून ठेवलेला. त्याने खिशातलं चुंबक डब्याच्या बुडाला लावलं, चिकटलं नाही, मग काठाला लावलं तर हलकंसं ओढलं गेलं, आणि लगेच म्हणाला, "काकू, मिक्स माल आहे, लोखंडाचा भाव लागेल." काकूंचा चेहराच पडला, लग्नातले डबे होते ते.

हे मी खूप ठिकाणी ऐकलंय म्हणून लिहितोय. अहो, स्टेनलेस स्टील म्हणजे मुळात बरंचसं लोखंडच! 304 नावाच्या चांगल्या स्टीलमधे साधारण 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल आणि उरलेलं जवळजवळ सगळं लोखंड. मग ते चिकटत का नाही? साध्या लोखंडात अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक बरोब्बर मधोमध असे बसतात, ही रचना चुंबकाला ओढली जाते. 912 अंशांच्या वर तापवलं की मधला अणू जातो आणि घनाच्या सहाही बाजूंच्या मध्यावर अणू येतात, ही रचना चुंबकाला दाद देत नाही. निकेल घातलं की हीच रचना थंड झाल्यावरही टिकते. पण टिकते ती जेमतेम! प्रेसमधे पत्रा दाबून काठ वळवला की तिथले अणू ताणाने सरकतात आणि मार्टेन्साइट नावाची वेगळी रचना होते, ती चिकटते. बुडाला ताण कमी पडतो, म्हणून बूड चिकटत नाही. तोच डबा हजार अंशांच्या वर तापवून झटकन थंड केला तर काठही चिकटायचा बंद होतो.

उलटंही होतं. निकेल महाग, म्हणून 200 सिरीज नावाच्या स्वस्त स्टीलमधे बरंचसं मँगनीज घालतात, तेही चिकटत नाही पण भाव कमी. आणि 430 नावाचं स्टील चांगलं चिकटतं, निकेल जवळपास नसतंच, तरी ते स्टेनलेसच. मोठ्या गोदामांत म्हणून एक्स-रे सोडणारं पिस्तूलासारखं यंत्र वापरतात, काही सेकंदांत निकेल किती ते कळतं.

टीव्हीबद्दल एक. जुन्या सेटमधे 'लाल पारा' असतो, त्याचे लाखो मिळतात असे व्हिडिओ फिरतात, ती शुद्ध थाप आहे. त्यापायी पिक्चर ट्यूब फोडू नका, तिच्या काचेत शिसं असतं. टीव्ही सरळ ई-कचरा केंद्रात द्या.

काकूंना मी बूड आणि काठ दोन्हीला चुंबक लावून हे सगळं सांगितलं, भंगारवालाही उभा राहून ऐकत होता. डबे शेवटी स्टीलच्या भावात गेले.