माग आधी, घर मागून

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या जुन्या घरात गेलात तर आधी फरशीकडे बघा. पुढच्या खोलीत, खिडकीच्या अंगाला, माणूस पाय सोडून बसेल एवढा चौकोन वेगळ्याच रंगाचा दिसतो. तिथे मागाचा खड्डा होता. माग गेला, खड्डा बुजवला, पण जुन्या रंगाची फरशी काही मिळाली नाही.

चित्रकाराला स्टुडिओ, गायकाला रियाजाची खोली असं कलेला साजेसं घर आता आर्किटेक्टकडून आखून घेतात. तेलंगणातून पिढ्यान्‌पिढ्या इथे येत राहिलेल्या पद्मशाली विणकरांनी ते नकाशाविनाच केलं होतं. १८७७ मध्ये कापडगिरणी निघाली, तिला आज ‘जुनी गिरणी’ म्हणतात, गावातच गिरणीचं सूत मिळू लागलं आणि मागांची वस्ती वाढत गेली.

खड्डामागावर विणकर जमिनीवर बसतो, पाय खाली खड्ड्यात, पावड्यांवर म्हणजे पायाने दाबायच्या पट्ट्यांवर. जमिनीलगतचा गारवा सुताला मानवतो. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात सुती ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, तडातड तुटतात. म्हणून सारवलेली जमीन, जाड भिंती, वर मातीचं माळवद. उजेड मात्र बाजूने, थेट कापडावर पडेल असा. कांड्या, म्हणजे आडव्या सुताच्या नळ्या, भरायचा चरखा हाकेच्या अंतरावर, कारण ताण्यातून इकडून तिकडे फिरणाऱ्या धोट्यातली कांडी संपली की माग थांबला. ताण्याला लागणारी लांबी घरात कुठून आणणार? ती गल्लीने दिली. ताणा पसरून खळ लावायला अंगण पुरत नाही.

जकार्ड आला तेव्हा गाठ आढ्याशी पडली. चादरीवरची नक्षी उठवणारं हे यंत्र मागाच्या डोक्यावर बसतं, त्याला भोकं पाडलेल्या पत्त्यांची माळ लोंबते. बसक्या माळवदाखाली ते मावायचं कसं? हे यंत्र १८०४ च्या सुमारास फ्रान्समधल्या ल्यों शहरात जन्मलं. तिथे क्र्वा-रूस टेकडीवर विणकरांसाठी सुमारे चार मीटर उंच छताची घरंच बांधली गेली. कुटुंब झोपायचं पोटमाळ्यावर. आपल्याकडे माळवद उतरलं आणि पत्रे चढले. गारवा गेला तो गेलाच.

पुढे यंत्रमाग आले. खाली माग, वर बिऱ्हाड. मांडणीवरची भांडी दिवसभर थरथरत असतात. पाहुण्याला खडखडाटाने झोप येत नाही, घरच्यांना वीज गेली की जाग येते. ज्यांना जमलं त्यांनी कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत हलवला आणि घर चारचौघांसारखं झालं.

हातमागावर वॉल हँगिंग, म्हणजे भिंतीवर टांगायची चित्रं, विणणारे मोजके हात मात्र अजून घरातच बसतात. समोर टांगलेलं मूळ चित्र, मांडीशी रंगीत सुताच्या कांड्या, खिडकीतून येणारा उजेड. गालावरची सावली एक छटा चुकली तरी चेहरा दुसऱ्याच माणसाचा होतो. अशा कामाला शेड चालत नाही, शांत खोली लागते. बँकेला दिलेल्या नकाशात त्या खोलीवर ‘बेडरूम’ लिहिलेलं असतं.